पहिला क्लाइंबिंग शू कसा निवडावा: बेळगाव-खानापूर भागातल्या नव्या आरोहकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना डोंगर नवीन नाहीत. येळ्ळूरचा राजहंसगड, सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातले महिपाळगड, कलानिधीगड, पारगड, जांबोटी-कणकुंबीकडची रानं, हे सगळं ॲक्शनच्या बुटांवर नाहीतर नुसत्या सँडलवर हिंडून झालेलं असतं. अडचण येते ती दोर बांधून कातळाला हात घातल्यावर. बदामीला पहिल्यांदा गेलेला माणूस कुणाचे तरी मागून आणलेले शूज घालतो, दोन रूट, म्हणजे चढाईच्या वाटा, होईस्तोवर त्याचे अंगठे बधीर होतात आणि दोनांपैकी एक समज डोक्यात पक्का बसतो. एक तर हे शूज दुखायलाच हवेत, किंवा हा खेळ आपल्या पायांसाठी नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यापायी चांगली चढणारी मुलं वर्षभरात हा नाद सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिला शू सपाट तळाचा घ्या. त्यात बोटं पुढच्या टोकाला टेकलेली असावीत पण मुडपलेली नसावीत, टाचेमागे पोकळी नसावी, आणि अर्धा-पाऊण तास पायात राहिला तरी काढून फेकावासा वाटू नये. असा शू स्लॅबवर, म्हणजे मागे कललेल्या कातळावर, चालतो, उभ्या भिंतीवर चालतो, भेगेत चालतो आणि लांब रूटवरही चालतो. इंग्रजीत ज्याला ऑल-राउंड म्हणतात तो हाच. तो निवडताना काय काय बघायचं, ते ज्या क्रमाने बघावं त्या क्रमाने सांगतो.

कुठल्या दगडावर चढणार आहात?

दुकानात जाण्याआधी हे ठरवा. आपण जिथे राहतो तिथून चार वेगवेगळ्या जातींचे दगड हाताशी येतात, आणि प्रत्येक दगड शूकडून वेगळं काम मागतो.

बेळगावहून बदामी साधारण दीडशे किलोमीटर. तिथला तांबडा वालुकाश्म उभा आहे, त्यात आडव्या भेगा आहेत, बोटभर रुंदीच्या कडा आहेत, खळगे आहेत. बहुतेक रूट बोल्ट मारलेले, म्हणजे दोर अडकवायला कातळात पक्के खिळे बसवलेले. इथे अंगठ्याखालची आतली कड बारीक होल्डवर, म्हणजे हात-पाय टेकायच्या जागेवर, ठेवून उभं राहायचं असतं, म्हणून शूचा तळ थोडा कडक हवा. अगदीच लुसलुशीत शूमध्ये कडेवरचा सगळा भार बोटांच्या स्नायूंवर येतो आणि नवख्याच्या पोटऱ्या भरून येतात. गोकाकच्या धबधब्याजवळचा कडाही बदामीसारखाच, कलादगी नावाच्या खडकसमूहातल्या वालुकाश्माचा आहे.

हंपीचा दगड ग्रॅनाइट. गोल गुळगुळीत धोंडे, त्यावर साखरेसारखे खडबडीत कण. तिथे मुख्यतः बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या धोंड्यांवरचं चढणं. पाय कडेवर ठेवण्यापेक्षा तळवा दगडावर दाबून घर्षणावर उभं राहणं जास्त. शू थोडा मऊ असला तरी चालतो. हे कण रबर मात्र भराभर खातात.

तिसरा सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट. चंदगडपासून वर लोणावळ्याकडच्या तैलबैल्यापर्यंत हाच. थरांथरांचा, पायऱ्या असलेला, मधेच गवत, मधेच निसटता घसारा. रूट लांब असतात, बिले करत, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळत, अर्धा-अर्धा तास एका जागी उभं राहावं लागतं. इथे आराम आधी, बाकी सगळं नंतर.

चौथा आपला जांभा. खानापूरच्या बाजूला तो जागोजागी दिसतो. तो भुसभुशीत असतो, होल्ड हातात येतात, बोल्ट धरत नाहीत. त्यावर चढू नका, म्हणून त्यासाठी शूही बघू नका. गडाच्या तटबंदीवर किंवा बदामीच्या लेण्यांच्या संरक्षित आवारात सराव करायचा नाही, हेही याच ठिकाणी सांगून ठेवतो.

वर्षातून दोन-तीनदा बदामी, एखाद वेळी हंपी आणि अधूनमधून सह्याद्रीतला एखादा सुळका, असं बहुतेकांचं वेळापत्रक असतं. त्याला सपाट, मध्यम कडक तळाचा शू नेमका लागू पडतो.

आकार: सपाट, किंचित वाकडा आणि चोचीचा

क्लाइंबिंग शू आडवा धरून बाजूने बघा. तळ जमिनीला समांतर असेल तर तो सपाट. पुढचं टोक थोडं खाली झुकलेलं असेल तर मध्यम. पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला आणि आतल्या बाजूला वाकलेला असेल तर तो आक्रमक जातीचा. हा तिसरा प्रकार पुढे कललेल्या भिंतींसाठी असतो, जिथे पायाने होल्ड ओढून धरावा लागतो. बदामीतल्या ‘गणेश’ या ८बी+ अशा अतिअवघड दर्जाच्या रूटवर जाणाऱ्याला तो लागतो. ज्याला ६ए हा त्याहून कितीतरी सोपा दर्जाच अजून जड जातो त्याला त्यातून दुखण्यापलीकडे काही मिळत नाही.

मध्यम शूबद्दल दुकानदार आग्रह करेल, ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणेल. वर्षभर नियमित चढलेल्या माणसाने तो जरूर घ्यावा. पहिला शू म्हणून नको. पाय कसा ठेवायचा हे तुम्ही अजून शिकताय, आणि दुखणारा माणूस पाय नीट ठेवत नाही, नुसता टेकवून पटकन उचलतो. वाईट सवय तिथूनच लागते.

शूच्या आत कडकपणा देणारी एक पट्टी असते, तिला मिडसोल म्हणतात. शू दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवून बघा. पुठ्ठ्यासारखा ताठ, रबरी स्लिपरसारखा लवचिक, की या दोहोंच्या मधला? मधला घ्या. वजन सत्तर-पंचाहत्तर किलोच्या पुढे असेल तर ताठपणाकडे थोडं झुकलं तरी हरकत नाही, कारण जड माणसाखाली मऊ शू लवकर दबतो.

आधी पाय कागदावर काढा

हे काम घरी करायचं आणि संध्याकाळी करायचं. दिवसभर चालून, उन्हात राहून पाय थोडे फुगतात. बदामीच्या दगडावर दुपारी ते तसेच फुगलेले असणार, म्हणून मापही त्याच अवस्थेत घ्या.

फरशीवर कोरा कागद ठेवा, कागदाची एक बाजू भिंतीला चिकटवा. टाच भिंतीला टेकवून अनवाणी उभे राहा, भार दोन्ही पायांवर सारखा. पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्या कुणाला तरी पावलाची कड काढायला सांगा. आपणच वाकून काढायला गेलं की भार सरकतो आणि माप चुकतं. आता भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. चवड्याची रुंदी, म्हणजे अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापासून करंगळीच्या मुळापर्यंतचं अंतर, तेही लिहा. मग दुसरा पाय. दोन पायांत तीन-चार मिलिमीटरचा फरक बऱ्याच जणांत निघतो. शू मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

कागदावरच्या त्या आकाराकडे जरा वेळ बघा, कारण लांबीइतकंच महत्त्व त्याला आहे. अंगठा सर्वांत लांब आणि बाकीची बोटं उतरत गेलेली असतील, तर ज्या शूचं टोक अंगठ्याच्या बाजूला आहे तो तुम्हाला बसेल. दुसरं बोट अंगठ्यापुढे आलं असेल, तर टोक मध्याकडे असलेला शू हवा. नाहीतर ते बोट दुमडून बसतं आणि त्याच्या पेरावर भोवरी धरते. पहिली तीन बोटं जवळजवळ एका रेषेत असतील तर रुंद, बोथट टोकाचा शू शोधा.

आपल्याकडच्या पायांबद्दल एक गोष्ट खास सांगायला हवी. लहानपणी अनवाणी आणि पुढे चपलेत वाढलेला पाय चवड्याशी पसरट असतो, बोटं एकमेकांपासून सुटी असतात. शेतावर राबणाऱ्या घरातल्या पोरांत हे चटकन दिसतं. क्लाइंबिंग शू बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या युरोपातल्या आहेत आणि त्यांचे कित्येक साचे अरुंद असतात. म्हणून ‘माझा नंबर एवढा’ म्हणून मागवलेला शू लांबीला बरोबर येतो आणि करंगळीच्या मुळाशी करवतीसारखा कापतो. अशा वेळी नंबर वाढवणं हा उपाय नाही. त्याने पुढे पोकळी होते, टाच निसटते आणि रुंदी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वाढते. साचा बदला, दुसरं मॉडेल बघा.

टाच बारीक आणि पायाची उंची कमी असेल तर बायकांसाठी म्हणून विकले जाणारे शूज पुरुषांनीही घालून बघावेत. कंपन्या त्यांना हल्ली ‘लो व्हॉल्यूम’ म्हणतात. रुंद चवड्याच्या मुलींनी उलट पुरुषांचं माप बघायला काही हरकत नाही. डब्यावर काय लिहिलंय ते दगडाला कळत नाही.

नंबराचा हिशोब

युरोपीय नंबरात एक नंबर म्हणजे ६.६७ मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे ३.३ मिलिमीटरच्या आसपास. आपण बाटाच्या दुकानात जो ६, ७, ८ नंबर मागतो तो ब्रिटिश. त्यात एक नंबर म्हणजे ८.४७ मिलिमीटर. अमेरिकन पुरुषांचा नंबर ब्रिटिशपेक्षा साधारण एकने जास्त असतो. ऑनलाइन मागवताना या तिघांची गल्लत झाली की शू परत पाठवायची पाळी येते.

समजा, पायाची लांबी २५८ मिलिमीटर निघाली. रोजच्या बुटात बोटांपुढे साधारण १५ मिलिमीटर जागा धरतात. २५८ अधिक १५ म्हणजे २७३, त्याला ६.६७ ने भागलं की जवळजवळ ४१. ब्रिटिश मापात हा ७ नंबर. क्लाइंबिंग शूमध्ये पुढे जागा सोडायची नसते, त्यामुळे नुसत्या २५८ ला भागून ३८.७ येतं. म्हणजे या माणसाचा आरामशीर ऑल-राउंड शू ३९ ते ४१ च्या दरम्यान कुठेतरी सापडणार. कुठे, ते कंपनीच्या साच्यावर आणि वरच्या कापडा-कातड्यावर ठरतं. ला स्पोर्टिव्हाचे शूज नंबराच्या मानाने मोठे येतात, म्हणून लोक रोजच्या नंबरावरून एक-दीड नंबर उतरतात. स्कार्पात तेवढं उतरावं लागत नाही. डेकॅथलॉनच्या सिमाँडचे नवख्यांसाठीचे शूज रोजच्या नंबराच्या बरेच जवळ असतात. हा अंदाज शोधायला सुरुवात कुठून करायची तेवढंच सांगतो. शेवटचा शब्द पायाचा.

‘दोन नंबर लहान घे, सैल होतो’ असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा, कुठला शू? सैल होणं सगळ्या शूंना सारखं लागू नाही.

कातडं की सिंथेटिक

अथणी-निपाणीकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये जाहीर झालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हेही आहेत. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, मग पाय ओळखते आणि त्या पायाचीच होऊन जाते. क्लाइंबिंग शूचं कातडंही तसंच वागतं.

आत अस्तर नसलेला कातडी शू सर्वांत जास्त ताणतो, कधी कधी जवळजवळ एक नंबर. अस्तर लावलेला त्याच्या निम्माच. पूर्ण सिंथेटिक शू जवळपास ताणतच नाही, फक्त थोडा मऊ पडतो. यातून निघणारा नियम असा: अस्तर नसलेलं कातडं घेताना पहिल्या दिवशी थोडा जास्त घट्ट चालेल, बोटं किंचित उचललेली चालतील. सिंथेटिक घेताना पहिल्या दिवशी जसा बसला तसाच तो शेवटपर्यंत राहणार, म्हणून दुकानात टोचत असेल तर तिथेच सोडून या.

रुंद, पसरट पायाला मी कातडीच सुचवेन. चवड्याशी ते सरकून जागा करून देतं. घाम जास्त येणाऱ्याला, आणि ज्यांना घरात कातडं नको असतं त्यांना, सिंथेटिक सोयीचं. विणलेल्या कापडाचे हवेशीर शूज आता मिळतात. आपल्या उकाड्यात ते बरे वाटतात, मात्र भेगेत पाय अडकवून चढताना लवकर फाटतात.

चपलेच्या सवयीने एक गोष्ट हातून होऊ शकते: नवा शू कडक वाटला म्हणून त्याला तेल लावणं. क्लाइंबिंग शूला तेल, व्हॅसलीन, पॉलिश काहीही लावायचं नाही. तेल रबरावर उतरलं की चिकटपणा गेला, आणि रबर व कातडं जोडणारा गोंद सुटायला लागतो तो वेगळाच.

लेस, वेल्क्रो की स्लिपर

लेस पायाच्या प्रत्येक भागाला वेगळा ताण देऊ शकते. पंजाशी सैल, घोट्याजवळ आवळून, असं करता येतं. रुंद पायाला आणि लांब रूटला ती उत्तम. वेल्क्रो झटकन निघतो. बदामीत रूट संपला की शू काढायचा आणि बिले करताना पाय मोकळे ठेवायचे, हे दिवसातून दहादा चालतं, तिथे वेल्क्रोचं सुख आहे. दोन्ही पट्ट्या पूर्ण ओढल्यावर त्यांचं टोक बाहेर लोंबत असेल तर शू पायाला उंचीत मोठा आहे असं समजा. लवचिक स्लिपर पहिला शू म्हणून घेऊ नका. तो घट्टपणावरच टिकतो आणि सैल पडला की आवळायला काही राहत नाही.

रबर

रबराच्या नावांवर वाद घालण्यात वेळ जातो. नवख्याला त्यातला फरक पायाला जाणवत नाही. जाडी बघा. ४ ते ५ मिलिमीटर जाड आणि जरा कडक रबर घ्या. ते जास्त टिकतं, आणि शिकाऊ माणूस पाय घासत चढतो म्हणून टिकणं महत्त्वाचं. साडेतीन मिलिमीटरचं मऊ रबर दगड छान ओळखतं, पण बोटाच्या टोकाशी त्याला लवकर भोक पडतं.

उष्णतेने रबर मऊ होतं आणि कडेवरून गुंडाळल्यासारखं सरकतं. मार्चनंतर बदामीत दुपारी चांगला शूसुद्धा घसरतो, त्यात शूचा दोष नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ हाच तिथला खरा हंगाम.

पायात घालून बघताना

पुणे, बेंगळुरूसारख्या शहरात कामानिमित्त जाणं होत असेल तर शूसाठी संध्याकाळ राखून ठेवा आणि किमान तीन-चार मॉडेलं पायात घाला. नखं आदल्या दिवशी कापलेली असावीत. मोजे नकोत, फार तर अगदी पातळ.

लेस पूर्ण सैल करून पाय घाला, टाच मागे नीट बसवा, मग पुढून मागे आवळत या. उभे राहा. आता प्रत्येक बोटाकडे एकेक करून लक्ष द्या. अंगठा टोकाला टेकलाय का? टेकलेला हवा. तो सरळ आहे की किंचित उचललेला? दोन्ही चालेल. पेर वरच्या बाजूने शूला टोचतंय का? मग नको. करंगळी शेजारच्या बोटावर चढलीय का? मग साचा चुकला. पावलाच्या कमानीखाली बोटभर पोकळी जाणवते का? असेल तर भार टाकल्यावर पाय आत हलेल.

टाचेसाठी चवड्यावर उभे राहा आणि मागच्या बाजूने बोटाने दाबून बघा. रबर आत दबून हवेचा खळगा लागला तर टाच सैल आहे. उलट टाचेवरच्या शिरेला वरची कड कापत असेल तर तेही चालणार नाही. ती जागा वापराने मऊ पडत नाही, उलट रोज सोलत जाते.

मग खरी परीक्षा. दुकानात चढायची भिंत असेल तर उत्तम. नसेल तर जिन्याची पायरी, लाकडी फळी, काहीही एक सेंटिमीटरची कड शोधा. अंगठ्याखालची आतली कड त्यावर ठेवा, टाच किंचित खाली, आणि सगळा भार त्या एका पायावर द्या. बोट आत सरकलं तर शू मोठा. शू कडेवर स्थिर राहिला आणि अंगठ्याला जोर जाणवला पण कळ आली नाही, तर माप जमलं. चालून बघू नका. हे शूज चालण्यासाठी नसतातच, चालताना प्रत्येक शू वाईटच वाटणार.

दहा-पंधरा मिनिटं तसेच घालून बसा. मग काढून पाय उजेडात बघा. सगळीकडे सारखी लाली असेल आणि ती पाच मिनिटांत जात असेल तर ठीक. एखाद्या पेरावर, अंगठ्याच्या सांध्यावर किंवा करंगळीच्या मुळाशी खोल वळ उमटून तसाच राहिला तर तो शू परत द्या, कितीही स्वस्त असला तरी.

घट्टपणा आणि दुखणं यांतला फरक ओळखायला शिका. सगळीकडून सारखा दाब म्हणजे घट्टपणा. एकाच जागी टोच, मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ म्हणजे दुखणं. वर्षानुवर्षं ते सोसत राहिलं तर अंगठ्याचा सांधा बाहेर येतो, नखं काळी पडून जातात, बोटं वाकडी राहतात. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी दुखण्याच्या भरवशावर राहूच नये. त्यांनी माप सैलसर घ्यावं आणि दर रूटनंतर पाय डोळ्यांनी तपासावेत.

ऑनलाइन मागवायची वेळ आली तर

बेळगावात राहून बहुतेकांना हेच करावं लागतं. तेव्हा आधी मित्रांचे शूज घालून बघा. बदामीत तुमच्या पायाच्या मापाचा कुणी भेटला तर संकोच न करता विचारा, चढणारी माणसं आनंदाने शू काढून देतात. कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल कुठल्या नंबरात कसं बसलं हे कागदावरच्या त्या पावलाच्या चित्रापाशीच लिहून ठेवा. अशा तीन-चार नोंदी झाल्या की अंदाज बराच पक्का होतो.

परतीचा नियम पैसे भरण्याआधी वाचा. शक्य असेल तर शेजारचे दोन नंबर मागवून एक परत करा. शू आल्यावर घरातच, स्वच्छ चादरीवर किंवा पुसलेल्या फरशीवर घालून बघा. तळाला एकदा माती लागली की परत घेत नाहीत.

जुना शू विकत घ्यायचा झाला तर बोटाच्या टोकाशी तळाच्या कडेने वर चढणारी पातळ रबरी पट्टी, रँड, नीट बघा. तळ झिजलेला असला तर नवा लावता येतो. रँड झिजून आतलं कातडं दिसत असेल तर भाव कितीही कमी असो, सोडा. शिवाय दुसऱ्याच्या पायाला बसलेलं कातडं तुमच्या पायाला बसेलच असं नाही.

मुलांसाठी वेगळा नियम लावा. त्यांची हाडं वाढत असतात, बोटांची टोकं मोकळी राहतील असा सपाट वेल्क्रोचा शू द्या आणि दर सहा महिन्यांनी पाऊल पुन्हा मोजा. लहान मुलाला घट्ट शू घालून ‘चांगला चढेल’ असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचं ऐकू नका.

पहिले दिवस आणि आपला पावसाळा

नवा शू घेऊन थेट बदामी गाठू नका. रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं घरात घालून बसा, लेस रोज थोडी जास्त आवळा. कातडी शू आठवडाभरात पायाला ओळख देतो. दगडावर गेल्यावर पहिले काही रूट सोपे ठेवा आणि प्रत्येक रूटनंतर शू काढा, निदान टाच तरी मोकळी करा. कातळाच्या पायथ्याशी शू घालून फिरू नका. पायवाटेवरची बारीक वाळू रबरात रुतते आणि मग होल्डवर तीच वाळू तुमच्याखाली गोट्यांसारखी फिरते. चढण्याआधी तळ ओल्या फडक्याने पुसा, हाताच्या तळव्याने घासून कोरडा करा.

बेळगावची खरी कसोटी जून ते सप्टेंबर. खानापूर, कणकुंबीकडे तर भिंतींना ओल येते, गोदरेजच्या कपाटातल्या चामड्याच्या पाकिटावर पांढरी बुरशी धरते. क्लाइंबिंग शू त्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला तर दोन महिन्यांत वास, बुरशी आणि सुटलेला गोंद, तिन्ही मिळतात. घामेजलेला शू आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा, आत जुन्या वर्तमानपत्राचे सैल बोळे कोंबा, कागद दमट झाले की बदला. ठेवताना कापडी पिशवीत, हवा लागेल अशा जागी. पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून बघा. वास घालवायला रात्रभर आत थोडा खाण्याचा सोडा टाकून सकाळी झटका. वॉशिंग मशिन नको, गरम पाणी नको, उन्हात वाळवणं नको. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत विसरलेल्या शूचा गोंद मऊ पडून तळ सुटू लागतो.

तळ झिजला की

शू फेकू नका, आणि रँडपर्यंत झिजेपर्यंत थांबूही नका. बोटाच्या टोकाशी तळाची आणि रँडची मधली रेषा पुसट दिसायला लागली की हीच वेळ. त्या टप्प्यावर फक्त तळ बदलावा लागतो. उशीर केला तर रँडही बदलावा लागतो, खर्च वाढतो आणि शूचा मूळ आकार बिघडतो. क्लाइंबिंगचं रबर लावून देणारे मोजके कारागीर मोठ्या शहरांत आहेत. तिथे पाठवण्याआधी जुन्या तळाचे जवळून फोटो काढून विचारा, बदलता येईल का आणि रबर किती मिलिमीटरचं लावणार.

गावातल्या चप्पल कारागिराकडे हे काम देऊ नका. त्याच्याकडे ते रबर नसतं, आणि साध्या सोलवर कातळात उभं राहता येत नाही. उसवलेली वेल्क्रोची पट्टी, टाचेमागची ओढायची नाडी, सुटलेला टाका ही कामं मात्र त्याच्याइतकी पक्की कुणी करून देणार नाही. फक्त रबराच्या जोडावर त्याला सुई किंवा गोंद लावू देऊ नका आणि शू त्याच्या हाती देताना हे तोंडाने सांगा. तळ बदलून आलेला शू पहिल्यांदा पुन्हा थोडा कडक आणि घट्ट वाटेल. आठवडाभर घरात घाला, मगच बदामीच्या बॅगेत टाका.